दाखवायचा बांध

या अंकात दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात. पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, हेडमास्तर. माझं वय निवृत्त व्हायचं नाही, पण माझी नोकरी निवृत्त झाली, म्हणून संपादकांनी मलाही त्या पंगतीत बसवलं. म्हणाले, "समाजपरिवर्तनाच्या कामातले अनुभव लिहा. जरा प्रेरणादायी." ज्यांना प्रेरणा हवी असेल त्यांनी पान उलटून पुढची जाहिरात वाचावी. माझ्याकडे आहे तो चिखल आहे.

मी रोह्याची. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आले. कुणाची जमीन चालली, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुठल्या ठेकेदाराने मजुरी बुडवली, कुणीही यायचं आणि म्हणायचं, "ताई, एक पत्रक लिहून दे." पत्रकाला एकच कागद असतो, त्यामुळे गोलगोल बोलायला जागाच नसते. कोणी काय केलं, कोणाचं काय गेलं, कुठे जमायचं, आणि खाली उद्गारचिन्ह. एवढ्या भांडवलावर एका प्रतिष्ठानाने मला पगारावर घेतलं. मुंबईच्या एका उद्योगघराण्याचं प्रतिष्ठान. कामाचं क्षेत्र पेण आणि रोहा तालुका, ऑफिस रोह्यात मोबाइलच्या दुकानावर, माझा हुद्दा प्रकल्प समन्वयक. बाबांनी जन्मभर कंपनीत शिफ्ट केलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तिथं बनतं काय?"

"बदल," मी म्हटलं.

"मग माल बघायचा कसा?"

मी हसले होते. पुढे कळलं की अख्खं प्रतिष्ठान याच एका प्रश्नावर चालतं, फक्त बाबांनी तो फुकट विचारला.

हा धंदा कसा चालतो ते आधी सांगते. लोकांना वाटतं, गावात अडचण असते, प्रतिष्ठानाला ती दिसते, आणि मदत होते. तसं नाही. प्रतिष्ठान अडचण निवडत नाही, प्रस्ताव निवडतं. वर्षातून एकदा जाहीर होतं की प्रस्ताव पाठवा. संस्था पाठवतात. मी ते वाचायचे, गुण द्यायचे, चाळून वर पाठवायचे. मग स्थळभेट होते, म्हणजे मुंबईहून गाडी येते. मग मंडळाची बैठक होते, म्हणजे मुंबईत बिस्किटं येतात. मंजूर झालं की पैसे हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक हप्त्याआधी अहवाल. प्रस्तावात प्रश्न असतात: काय बदलेल, त्यात नवीन काय, हेच दुसरीकडे करता येईल का, आम्ही गेल्यावर काय उरेल. प्रश्न वाईट नाहीत. वाईट आहे ती खात्री, की ज्याला यांची उत्तरं लिहिता येत नाहीत त्याची अडचणही खरी नसणार.

याउलट ज्याला लिहिता येतं त्याला अडचणीची गरजच पडत नाही. एका शहरी संस्थेने प्रस्ताव पाठवला होता: तरुणांनी कुंडलिकेच्या काठावर बसून नदीला पत्रं लिहायची. रोह्याची पोरं नदीला पत्र लिहिणार! जी पोरं घरच्यांच्या फोनला उत्तर देत नाहीत ती! मी शेरा मारला, "नदी उत्तर देईल का?" मंडळाने तो प्रस्ताव पहिल्या फेरीत मंजूर केला आणि माझ्या शेऱ्याला 'चिंतनशील' म्हटलं.

दुसरी गंमत पेणची. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी आम्ही आत्मविश्वासाचं शिबिर ठेवलं. कधी? श्रावणात. ज्या दिवसांत कारखान्यात पाणी प्यायला उसंत नसते त्या दिवसांत, कारण हप्त्याचं वेळापत्रक तसं होतं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. तुमचं स्वप्न बघा." मूर्तीचे डोळे रंगवणारी एक बाई तेव्हाही मांडीवर मूर्ती घेऊन बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी डोळं मिटलं तर ह्याचं कोन उघडील?" सगळा कारखाना हसला. अहवालात मी लिहिलं, 'सहभागींनी मोकळेपणाने विचार मांडले.' खोटं नव्हतं.

पण हे सगळं चटणी-कोशिंबीर झालं. पानावरची मुख्य गोष्ट खारकोंडची. गावाचं नाव बदललं आहे. खरं छापलं तर प्रतिष्ठान पुन्हा तिथे जाईल.

खारकोंड पेणच्या खारेपाटात, खाडीला चिकटून. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे समुद्र उशाला आणि आपण सतरंजीवर. मध्ये काय, तर एक मातीचा बांध. बांधात एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात; ओहोटीला ती शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपली आपण मिटते. बांध फुटला की खाडी शेतात शिरते, आणि एकदा खारं पाणी मुरलं की पुढचे कितीतरी हंगाम तिथे भात धरत नाही. बांधाचा शत्रू वादळ नाही, चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी. ती बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता माती नेतं. म्हणून गावात पूर्वापार पद्धत आहे: बांधाचा एकेक तुकडा एकेका घराचा. जाता येता बीळ दिसलं की टाचेने दाबायचं, चिखलाचा गोळा कोंबायचा आणि पुढे जायचं. याला तिथे काम म्हणत नाहीत. अंगण झाडण्याला कोण काम म्हणतं?

मात्र एका जागी टाच पुरेनाशी झाली होती. खाडी जिथे वळण घेते तिथे पाण्याचा मारा थेट बसतो, आणि तिथला बांध कुरतडत कुरतडत निम्मा झाला होता. तिथे हवी होती भरपूर चिकणमाती आणि दगड. गावाने अर्ज केले होते, जिथे जिथे करतात तिथे. अर्जांचं जे होतं ते झालं होतं.

मग एक दिवस दोन बायका आमच्या ऑफिसात आल्या. ताराबाय आणि तिची धाकटी जाऊ निर्मला. ताराबाय खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "काय गो, तुमीच का त्या बदलवाल्या?"

मी व्हय म्हटलं. तिने वळणाची सगळी कथा सांगितली, हातवारे करून, टेबलावरच्या पेपरवेटला खाडी करून. मी प्रस्तावाचा कागद पुढे ओढला आणि नेमाप्रमाणे विचारलं, "यातून काय बदल होईल?"

"बदल?" ताराबायने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चिंबोरी. "बदल नको म्हनून तर आलो ना! हाय तसं ऱ्हाऊ दे, यवढंच मागतो."

निर्मलाने तिला कोपराने ढोसलं. "वयनी, असं नको बोलू. मंग ते देनार नाय."

"मंग काय बोलू? भात निळा उगवंल म्हनून सांगू?"

त्या दिवशी मला हसू आलं, पण ते घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. कारण ताराबायने चुकून आमच्या सगळ्या धंद्याच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. चांगला बांध म्हणजे काय? ज्याच्यामुळे काहीच होत नाही तो. पाणी येत नाही, भात मरत नाही, माणसं गाव सोडत नाहीत. आणि 'काहीच न होणं' याचा फोटो निघत नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही सारखेच!

तरी मी प्रस्ताव लिहिला. पत्रकासारखा लिहिला, कोणाचं काय जाणार ते सरळ. तो देवयानी मॅडमकडे गेला. देवयानी मॅडम आमच्या कार्यक्रम संचालक. मुंबईत बसत, मराठी स्वच्छ बोलत, कुणावर कधी ओरडत नसत. अशा माणसांशी भांडणं फार कठीण जातं.

"मीनल," त्या फोनवर म्हणाल्या, "तळमळ पोचली. पण ही दुरुस्ती आहे. आपण परिवर्तनाला मदत करतो."

"बांध फुटला तर केवढं तरी परिवर्तन होईल, मॅडम."

"तसं नाही गं. बांधाची माती हा आपल्या नियमात बसणारा खर्चच नाही. प्रशिक्षण बसतं. जाणीवजागृती बसते. प्रात्यक्षिक बसतं. मी स्वतः येऊन बघते, काहीतरी मार्ग काढू."

त्या आल्या. मी सांगितलं होतं की पौर्णिमेला या, उधाणाची भरती बघा. पण त्यांना सोयीचा शनिवार नेमका अष्टमीचा पडला. अष्टमीला खाडी अशी असते की चटईवर झोपलेलं मांजर. त्यातून गाडी गावठाणाच्या पुढे जाईना आणि पुढे चिखल. मॅडम देवळापाशी उभ्या राहिल्या, हवेचं कौतुक केलं, आणि मग त्यांना ती कल्पना सुचली.

"आपण इथे एक प्रात्यक्षिक बांध बांधला तर? छोटासा, नमुन्याचा. म्हणजे लोकांना बांध म्हणजे काय, तो कसा राखायचा, हे समजेल."

खारकोंडच्या लोकांना बांध म्हणजे काय ते समजेल! ज्यांच्या आज्याच्या पणज्याने तो घातला त्यांना! देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने विडी पेटवता पेटवता काडी तशीच धरून ठेवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताराबाय म्हणाली,

"करू की, मॅडम. झ्याक होईल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती मॅडमच्या जवळ सरकली आणि आवाजात साखर कालवून बोलू लागली. "पन हितं नको. हितं देवीचा सन असतो. तिकडं पुढं करा, शेतात, आमीच जागा देतो. तितून खाडी दिसती. फोटूत पानी येईल."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या.

"आनि मोठा करा. पावन्यांना वर चढून उभं ऱ्हाता आलं पायजे. माती खाडीची चिकनच घाला, मुरूम घातला तर खोटं वाटंल. दगड बी लावा म्होरनं."

"पण गाडी जाईल का तिथपर्यंत?"

"वाट तुमी भरा की मुरूम टाकून. पावनं काय चिखलातनं येतील?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे ओलावले होते. "बघ, मीनल. याला म्हणतात लोकसहभाग."

मला त्या दिवशी ताराबायचा असा राग आला की परतीच्या एसटीत मी निर्मलाशी सुद्धा धड बोलले नाही. ती पेणला बाजारासाठी माझ्यासोबत निघाली होती. शेवटी मीच म्हटलं, "तुझ्या जावेला नकली बांधाची एवढी हौस का?" निर्मला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वयनीला हौस कशाचीच नसती. ती बाजारात पन हौसेनं काय घेत नाय."

पुढची फेरी आली. मी तोच प्रस्ताव नव्याने लिहिला, यावेळी पत्रकासारखा नाही, प्रतिष्ठानासारखा. नाव दिलं, 'परिवर्तनाचा बांध: महिलाप्रणीत किनारी संवर्धन प्रात्यक्षिक केंद्र'. मंडळाने कुठलाही प्रश्न न विचारता मंजूर केला. खऱ्या बांधासाठी जी माती नियमात बसत नव्हती, ती प्रात्यक्षिक म्हटल्यावर ऐटीत बसली. वाटेसाठी मुरूम आला, 'प्रवेशमार्ग' या नावाने. खाडीची चिकणमाती आली, 'शैक्षणिक साहित्य' या नावाने. दगड आले. आणि खऱ्या बांधाच्या ढासळत्या वळणापासून दोन शेतं अलीकडे, भर शेतात, एक देखणा, पुष्ट बांध उभा राहिला, ज्याच्या अलीकडेही पाणी नव्हतं आणि पलीकडेही नव्हतं. त्यावर चढायला पायऱ्या, बसायला बाक, आणि मागे ताणलेला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर प्रतिष्ठानाचे अध्यक्ष हात जोडून हसत होते.

उद्घाटनाला मॅडम त्याच्यावर उभ्या राहिल्या. समोर खरं वळण दिसत होतं, अर्धं खाल्लेल्या भाकरीसारखं.

"तोच का मूळ बांध?" त्यांनी विचारलं.

"होय, मॅडम."

"छान. बॅकग्राउंडला राहू दे."

आता प्रशिक्षण. बिळं कशी बुजवायची हे शिकवायला मुंबईहून सल्लागार आले. पण प्रात्यक्षिक बांधात बिळंच नव्हती. पाणी नाही तिथे चिंबोरी कशाला मरायला येईल? सल्लागारांनी प्लास्टिकच्या नळीचे तुकडे बांधात ठोकून बिळं तयार केली. मग गावातल्या बायकांना एकसारख्या निळ्या साड्या देऊन ओळीत उभं केलं, आणि त्या एकेक करून ती बिळं बुजवू लागल्या. सल्लागार टाळ्या वाजवीत. दुपारी नळ्या साफ करून पुन्हा बसवत, दुसऱ्या तुकडीसाठी. निर्मलाला बीळ बुजवण्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिने ते घरी सासूला दाखवलं. सासू म्हणाली, "आता तरी नीट बुजव."

पाहुणे यायला लागले. दर महिन्याला कोणीतरी. कॉलेजचे विद्यार्थी, परदेशी बाई, दुसऱ्या प्रतिष्ठानाची माणसं. सगळे त्या बांधावर चढून फोटो काढत. एका साहेबांनी मला विचारलं की हा बांध नसता तर पाणी कुठपर्यंत आलं असतं. मी म्हटलं, "आहे तिथपर्यंतच." ते म्हणाले, "इंटरेस्टिंग." मॅडमच्या मुंबईच्या ऑफिसातल्या फोटोंच्या भिंतीवर खारकोंड सर्वांत वरच्या फ्रेममध्ये गेलं. मी बाबांना म्हटलं, माल दिसायला लागला. बाबा म्हणाले, "चालतो का पण?"

पावसाळा लागला. लावणी झाली. शेवटची तपासणी नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ठरली. खुद्द अध्यक्ष येणार होते, आणि ती छान झाली तर असेच बांध खाडीकाठच्या आणखी गावांत बांधायचे, म्हणजे असेच, कोरड्यात. मॅडमची सूचना होती की तोवर प्रात्यक्षिक स्थळाला कुणी हात लावायचा नाही, फक्त दगडांना चुना मारून घ्यायचा, फोटोत उठून दिसतील. म्हणून नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी खारकोंडला होते. लोक खाडीला नारळ वाहत होते आणि मी दगडांना चुना.

पाऊस रात्रीपासून धरलेला. वारा खाडीवरून सरळ गावावर. पौर्णिमेला भरती दुपारी भरते, आणि ही उधाणाची भरती. बरेचसे पुरुष नागोठण्याकडे कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेलेले. मी चुन्याचा डबा झाकत होते तेवढ्यात वळणाकडून निर्मलाची हाक आली. शब्द कळला नाही, पण हाक कळली.

धावत गेले. वळणावर बांधाच्या आतल्या अंगाला मनगटाएवढी धार लागली होती. धार बघून घाबरायचं नसतं, रंग बघून घाबरायचं असतं. स्वच्छ पाणी आलं तर नुसता पाझर. गढूळ आलं तर बांध आतून चालला. ही धार गढूळ होती. आणि बांधाच्या पलीकडे खाडी वर चढत होती, आमच्या कमरेच्या वर. अलीकडे सगळ्या गावाचं भात उभं होतं, हिरवंगार, नुकतं जीव धरलेलं.

बायका घमेली घेऊन जमल्या. पण माती कुठून आणायची? चहूकडे शेतं पाण्याने भरलेली. फावडं मारलं की रबडी निघे, आणि धारेपुढे ती टिकेना.

ताराबाय आली. तिने धार पाहिली, खाडी पाहिली, आणि फावडं खांद्यावर टाकून मागे फिरली. प्रात्यक्षिक बांधाकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठा करा. चिकणच घाला. दगड बी लावा. पुढं शेतात करा. तिने प्रतिष्ठानाकडून नमुना घेतलाच नव्हता. तिने मातीचा साठा करून घेतला होता, लागेल तिथे, लागेल तितका, आणि वर वाट भरून!

"ताराबाय," मी ओरडले, "थांब! मॅडमना विचारते."

का विचारलं, काय माहीत. पगाराची सवय. फोन लागला. मी सांगितलं, मूळ बांध फुटतोय, नमुन्याची माती काढायला परवानगी द्या.  मग मॅडमचा तो कधीही न चढणारा आवाज आला. "मीनल, मला फार वाईट वाटतंय. पण अध्यक्षांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. त्या बांधाला हात नको लावूस. मूळ बांधासाठी आपण वेगळा प्रस्ताव करू ना. पुढची फेरी जानेवारीत उघडेल."

"काय म्हनली गो?" ताराबायने विचारलं. तिचं फावडं तोवर पहिल्या पायरीत रुतलं होतं.

"जानेवारीत या म्हणाल्या."

"खाडीला सांग."

आणि तिने पायरी उपसली.

मग काय झालं ते मी पत्रकातल्यासारखं सांगते, कारण तिथेही गोलगोल वागायला जागा नव्हती. प्रात्यक्षिक बांधापासून वळणापर्यंत बायकांची रांग लागली. घमेलं हातोहाती पुढे जात होतं, रिकामं मागे येत होतं. ओली, जड, कापली तरी तुटणार नाही अशी माती. 'शैक्षणिक साहित्य'. मीही रांगेत होते, माझ्या हाताचा चुना घमेल्यांना लागत होता. तरी धार थांबेना. माती टाकावी आणि पाण्याने ती ओढून न्यावी. ताराबाय ओरडली, "निर्मले, फ्लेक्स आन!" दोघींनी फ्लेक्स फाडून काढला, घडी केली, बाहेरच्या अंगाने भोकावर दाबला. अध्यक्ष हात जोडून, हसत, तोंडावर खाडीत गेले. निर्मला त्यांच्यावर पाय रोवून उभी राहिली, कमरेइतक्या पाण्यात, निळ्या साडीत, आणि म्हणाली, "वयनी, फोटू काडायला सांग कुनाला तरी. आज खरं बुजवतंय."

"दात नको काडू, दाबून धर!"

पाण्याचा जोर फ्लेक्सवर बसला, फ्लेक्स भोकावर बसला, आणि आतून माती धरू लागली. वरून दगड. मी चुना मारलेले दगड, पांढरेशुभ्र, एकावर एक. धार मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली. मग करंगळीएवढी. मग स्वच्छ झाली. मग थांबली. खाडी वरच्या टोकाला येऊन तशीच उभी राहिली, जणू विचार करत होती. आणि उतरायला लागली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका घमेली उपडी करून त्यांवर बसल्या. कोणीतरी सकाळचा नारळ फोडून खोबरं वाटलं. भात जिथे होतं तिथेच होतं. काही म्हणता काहीच झालं नाही.

ते काम पक्कं नव्हतं, हेही लिहायला हवं. पाण्यात घातलेला बांध तो, चार महिन्यांचा पाहुणा. वळणाला अजून दगड हवेत, उघाडीची झडप कुजत आली आहे, आणि आता माती उपसायला नमुनाही उरलेला नाही. जीव जळतो तो याने. ज्या दिवशी खारकोंडला खरी मदत पोचली, त्या दिवशी ती प्रतिष्ठानाच्या नाकावर टिच्चून पोचली. आणि पुढच्या गावात एखादी ताराबाय नसेल तर?

पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे गाड्या आल्या. मुरमाच्या वाटेवरून थेट शेतापर्यंत. अध्यक्ष उतरले, मॅडम उतरल्या, फोटोवाला उतरला. समोर सपाट चिखल. बाक होता. 'परिवर्तनाचा बांध' ही पाटी होती, दोन खांबांवर, ताठ. बांध नव्हता. आदल्या दिवशी पाऊस पडून खड्ड्यात पाणी साठलं होतं, त्यात एक बगळा उभा होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.  माझा राजीनामा पिशवीत होता, पण त्यांना तो मागायची संधी मिळावी असं वाटत होतं. पुढे अहवालात 'मालमत्ता गहाळ' अशी नोंद झाली आणि प्रकल्प अयशस्वी ठरला, ते सगळं नंतरचं. तेव्हा त्या नुसत्या पाटीकडे, मग चिखलाकडे, मग पुन्हा पाटीकडे बघत होत्या. ताराबाय मूळ बांधावरून येत होती, हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. मॅडमनी तिलाच विचारलं,

"ताराबाई, बांध कुठे आहे?"

ताराबायने भारा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं, आणि वळणाकडे हात केला. तिथे काळ्या मातीत पांढरे दगड दातांसारखे चमकत होते.

"त्यो व्हय?" ती म्हणाली. "कामाला लागला, मॅडम."